कानातला खडा



गेल्या पावसाळ्यात अंथरुणावर कूस बदलली की मला खोली गरगर फिरल्यासारखी वाटायची. डॉक्टर म्हणाले, "आजी, कानातले खडे जागचे हललेत." माझी मान इकडेतिकडे वळवून त्यांनी खडे ठिकाणावर आणले, पण ते माझ्या डोक्यातून काही जाईनात. नातवाने नेटवर शोधून दिलं, आणि माझी गाडी माणसावरून माशावर गेली ती गेलीच.

आपल्या कानातले ते कण म्हणजे नुसती धूळ. माशाचे मात्र खरेखुरे खडे, डोक्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन. घोळ किंवा ढोमा खाणाऱ्यांनी डोक्यातला तो पांढरा दगड पाहिला असेल. त्याला ओटोलिथ म्हणतात. माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला तो लागतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षांची वलयं असतात. १९७१ साली पानेल्ला नावाच्या शास्त्रज्ञाने तर त्यात रोजचीही वलयं असतात असं दाखवलं. म्हणजे माशाची रोजनिशीच की!

मासा मेला, काटे विखुरले, तरी हा खडा गाळात लाखो वर्षं टिकू शकतो. गाळ बारीक चाळणीवर धुवायचा आणि उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचं, आपण तांदूळ निवडतो तसं. खड्याची बाह्यरेषा, आतल्या अंगाची खाच, तिची ठेवण ह्यांवरून जात ओळखतात. जर्मनीच्या एर्न्स्ट कोकेन यांनी १८८४ मध्ये अशा खड्यांवर मोठा प्रबंध लिहिला. तेव्हापासून कितीतरी माशांना नावं मिळाली, ज्यांचा एक काटाही कुणी पाहिलेला नाही!

मी म्हटलं, हे जरा अतिच झालं. मग आठवलं, की नाव न घातलेला पेपर आम्ही शिक्षक अक्षरावरून ओळखायचोच. पण का ओळखायचो? तर वर्गातली पन्नास अक्षरं डोळ्यांखालून गेलेली असायची म्हणून. इथेही तेच. आजच्या शेकडो माशांचे खडे काढून, जपून ठेवलेले असतात, त्यांच्याशी ताडून पाहायचं. कशाशीच जुळलं नाही तरच 'नवीन जात' म्हणायचं. त्यातही खडा झिजलेला नको. आणि पिल्लाचा तर नकोच, कारण लहानपणी बऱ्याच जातींचे खडे सारखेच दिसतात. पाचवीतल्या मुलांची अक्षरं दिसतात तशी! वळण पुढे येतं.

आपल्या दख्खनचंही एक उदाहरण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकला. तेलंगणातल्या रंगापूरच्या अशा गाळातून माशांचे खडे मिळाले आणि १९८८ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं. पुढे २००८ मध्ये बेल्जियमचे डर्क नॉल्फ यांनी राणा आणि प्रसाद या आपल्याकडच्या संशोधकांबरोबर दख्खनच्या ह्या खड्यांची फेरतपासणी केली. राणांनीच आधीचं काम केलेलं, आणि फेरतपासणीतही तेच. मला हे फार आवडलं. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात आपल्याकडे एका अनुस्वाराचंच अंतर, पण ही माणसं स्वतःचं काम पुन्हा तपासायला बसतात.

एक गंमत मात्र माझ्यातल्या व्याकरणवालीसाठी. कूळ कळलं, पण त्याखालची प्रजाती कळत नाही, अशा वेळी ही मंडळी उगाच नाव चिकटवत नाहीत. लॅटिनमध्ये समूहाच्या नावाची षष्ठी करतात, तीही अनेकवचनी: 'पर्कॉइडिओरम', म्हणजे पर्कॉइड माशांपैकी कुठलातरी.

माझ्या ट्रंकेत एक निबंध आहे, 'माझे बाबा'. पाचवीतल्या कुणीतरी लिहिलेला, नाव नाही. ते बाबा गिरणीच्या संपानंतर गावी परतलेले, दिवसभर ओसरीवर बसून असतात, आणि मूल लिहितं की ते घरी असतात म्हणून मला बरे वाटते. ते पान ज्याचं त्याला द्यावं, असं फार वाटतं. माझ्याकडे त्याच तुकडीतल्या काहींच्या वह्या आहेत, पण नववीतल्या. दोन अक्षरं जुळल्यासारखी वाटतात. त्यातल्या एकाचा फोन नंबरही मिळालाय. भाचा म्हणतो, "मावशी, लाव की फोन, फार तर नाही म्हणेल."

मी नाही लावला. ज्याचे बाबा तसे बसून नव्हते त्याला काय विचारू? आणि ज्याचे होते, त्याला हे फोनवर कसं विचारू?

त्या पानाच्या कोपऱ्यात काल पेन्सिलीने लिहून ठेवलं: 'पाचवी ब च्या मुलांपैकी'.