बांध, ओढा आणि कालव्याचे वळण

एप्रिल संपत आला की माझे दोन हंगाम एकदमच आवरायला लागतात. एक आमच्या शिरूर तालुक्यातल्या यात्रांचा आणि दुसरा इंग्लंड-आयर्लंडमधल्या अडथळ्यांच्या घोडशर्यतींचा. पहिल्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याचे नाव काढले की समोरचा माणूस माझ्याकडे जरा निरखून पाहतो. सत्तरी ओलांडलेला, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस, आणि रेस! सूनबाईंनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या गप्पच झाल्या. सासऱ्यांचे पेन्शन महालक्ष्मीच्या वाटेला लागले की काय, असे त्यांना वाटले असणार.

तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. माझ्या आणि अण्णांच्या पिढीत घोड्यावर कुणी एक रुपयासुद्धा लावलेला नाही. आमच्या आईच्या एका चुलत्याने पुण्याच्या रेसपायी विहीर आणि विहिरीभोवतीची बागायत घालवली होती. त्यामुळे घरात 'रेस' हा शब्द 'पटकी'सारखा उच्चारला जाई. थोरल्या अण्णांकडून आईने तुळशीपुढे वचन घेतले होते. अण्णांनी ते पाळले, पण वकिली बुद्धीने पाळले. "पैसे लावणार नाही असं म्हटलंय, ऐकणार नाही असं नाही म्हटलं."

हे ऐकणे सुरू झाले दौंडला. वडील रेल्वेत होते, आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. तेव्हाचे दौंड म्हणजे वाफेची इंजिने, शेड, कोळशाची भुकटी आणि चोवीस तास शिट्या. इंग्रजी पाटीवर गावाचे नाव 'धोंड' असे वाचता येईल अशा स्पेलिंगने लिहिलेले असे. आमच्या चाळीपासून थोड्या अंतरावर एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब राहायचे. त्यांच्याकडे मर्फीचा मोठा रेडिओ होता. अण्णा नुकतेच शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले होते आणि साहेबांचा त्यांच्यावर लोभ होता. ८ एप्रिल १९६७, शनिवार. संध्याकाळी साहेबांनी बी.बी.सी. लावले आणि आम्हा दोघांना ओसरीवर बसवून घेतले. माझे इंग्रजी तेव्हा पुस्तकातले. रेडिओतला माणूस बोलत होता त्यातले मला फक्त घोड्यांच्या नावांसारखे काहीतरी कळत होते, तेही आवाज लाटेसारखा वर-खाली होत असताना.

ती लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री इथली ग्रँड नॅशनल शर्यत होती. ४४ घोडे धावत होते. तेविसाव्या अडथळ्यापाशी, म्हणजे खरे तर अगदी बुटक्या अडथळ्यापाशी, एक स्वार पडलेला मोकाट घोडा आडवा धावला आणि मागून येणारे सगळे एकमेकांवर आदळले. कुणी पडले, कुणी थबकले, कुणी उलटे फिरले. या सगळ्यांच्या कितीतरी मागे रेंगाळणारा फॉइनेव्हन नावाचा घोडा त्या गोंधळातून वाट काढून पलीकडे गेला आणि जिंकला. भाव होता एकाला शंभर. त्याच्या मालकाला आणि ट्रेनरला त्याच्याकडून इतकी कमी आशा होती की दोघेही मैदानावर आलेच नव्हते! पुढे त्या अडथळ्याला फॉइनेव्हनचेच नाव दिले गेले. ड्रायव्हरसाहेब हसता हसता खुर्चीतून खाली यायचे राहिले होते. सामान्य विद्यार्थ्यांना धीर देताना मी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल, त्याचा हिशोब नाही. (हुशार मुलांना ती आवडत नसे.)

काही वर्षांनी साहेब कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेले. रेडिओ जाताना अण्णांना देऊन गेले.

आता ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मास्तरकी. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जे होते ते सपाट मैदानावरचे धावणे. दीड-दोन मिनिटांत खेळ खलास. अडथळ्यांची शर्यत वेगळी. आयर्लंडमध्ये १७५२ साली दोन गृहस्थांनी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे, चर, ओढे ओलांडत घोडे फेकले, तिथून ती सुरू झाली असे सांगतात. मोठ्या शर्यतींचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, कारण पावसाने जमीन मऊ लागते आणि उडीनंतर घोड्याच्या पायांना ती सोसते. मार्चमध्ये चेल्टनहॅम, एप्रिलच्या सुरुवातीला ग्रँड नॅशनल, आणि एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी लंडनजवळच्या सँडाउनला ब्रिटिश हंगामाचे सूप वाजते. ग्रँड नॅशनलचे अंतर ४ मैल अडीच फर्लांग. फर्लांग म्हणजे काय, हे माझ्या नातवंडांना सांगावे लागते, पण रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचत शाळेत गेलेल्या आमच्या पिढीला ते माप कळते.

काचबिंदूने अण्णांची दृष्टी हळूहळू गेली. त्याला आता बरीच वर्षे झाली. मर्फी त्याआधीच केव्हातरी मुका झाला होता. मग ही शर्यत अण्णांना सांगायचे काम माझ्याकडे आले. एरवीच्या शर्यती मी शिरूरहून फोनवर सांगतो, पण ग्रँड नॅशनलला मात्र एस.टी.ने दौंडला जातो. पुतण्या लॅपटॉपवर चित्र लावून देतो, मी पाहतो आणि बोलतो, अण्णा ऐकतात. २०२४पासून शर्यतीची वेळ तिकडच्या चार वाजता केली आहे, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. पूर्वी पावणेदहा व्हायचे आणि अण्णांची झोपेची गोळी आड यायची.

इंग्रजी समालोचनाचे मराठी करायचे म्हणजे गंमत आहे. 'फेन्स'ला शब्द काय? कुंपण म्हणावे तर कुंपण कुणी ओलांडत नाही. 'अडथळा' वर्तमानपत्री. शेवटी मी 'बांध' धरला, आणि सगळे सोपे झाले. तीस बांध, दोन फेऱ्या. बीचर्स ब्रुक म्हणजे 'बीचरचा ओढा'. १८३९ साली कॅप्टन बीचर त्यात पडला आणि घोड्यांच्या टापा चुकवत तिथेच दडून बसला, म्हणून ते नाव. पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खाली, त्यामुळे घोड्याला उतरताना पायाखाली काही नाहीच असे वाटावे. त्यानंतर थोड्या अंतरावर कॅनॉल टर्न, म्हणजे 'कालव्याचे वळण': बांध ओलांडला की लगेच काटकोनात डावीकडे. मग 'खुर्ची' नावाचा सर्वांत उंच बांध, सव्वापाच फुटांच्या आतबाहेरचा, पुढ्यात सहा फुटी चर. बांध, ओढा, कालवा, चर! पुतण्याचा शेजारी एकदा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारले, "काका, कुठं चाललंय हे? पाटसला?"

एक सांगायला हवे. घोड्याचे आणि आमच्या शिरूरचे नाते काही रेडिओने जोडलेले नाही. गावाला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. नदी घोड, ती पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडला जाते. म्हणजे आम्ही दोघे भाऊ एकाच पाण्यावर आहोत. कोरेगावच्या लढाईआधी ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती आणि तिच्यात पुणे घोडदळाचे स्वारही होते. ते घोडदळ पुढे 'पूना हॉर्स' म्हणून नावाजले. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नाव तेच राहिले. १९७१च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अरुण खेत्रपाल त्याच पलटणीचे.

आणि यात्रेतली घोडी! आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळायची, तिच्यावर एखादे हलके पोर. बारी सुटली की अकरा-बारा सेकंदांत सगळे संपलेले. घाटात भंडारा उधळलेला आणि धुळीत नुसत्या आरोळ्या. अण्णा रजा काढून यायचे ते 'फळीफोड' कुणाची आणि 'घाटाचा राजा' कोण, एवढ्यासाठी. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ला पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने ती कायम केली. मधल्या सात वर्षांत गावोगावी लोक चिडलेले असायचे, आणि मी मात्र मनातून थोडा गोंधळलेला. बैलाच्या शेपटीचे काय करतात हे मी पाहिले होते. ते थांबावे असे वाटे, आणि घाट ओस पडलेलाही बघवत नसे. दोन्ही खरे होते. अजूनही आहे.

घोड्यांचे देणे आपल्यावर आणखी एका परीने आहे, ते लोकांना फारसे माहीत नसते. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढण्याची कल्पना निघाली. आमच्याकडे उसात रात्री पाणी धरणाऱ्या माणसाला त्या लसीचे मोल विचारावे.

२०२५ची ग्रँड नॅशनल ५ एप्रिलला होती. दुसऱ्या दिवशी रामनवमी, त्यामुळे पुतण्याच्या घरात सुंठवड्याची तयारी चालली होती आणि सुंठीच्या वासाने मला बोलता बोलता शिंका येत होत्या. ३४ घोडे. पूर्वी ४० असत. २०२३ साली पहिल्याच बांधावर हिल सिक्स्टीन नावाचा घोडा मेला, त्याआधी मैदानात घुसलेल्या आंदोलकांमुळे शर्यत उशिरा सुटली होती, आणि त्यानंतर घोडे कमी केले गेले. निक रॉकेट जिंकला. स्वार पॅट्रिक मलिन्स, हौशी स्वार. ट्रेनर विली मलिन्स, त्याचा बाप. म्हातारा कॅमेऱ्यासमोर ढसढसा रडला, आणि एरवी शब्दांना कमी न पडणारा मी अण्णांना नुसते "रडतोय" एवढेच सांगू शकलो.

मग मी त्यांना मालकाची हकीकत वाचून दाखवली. हा घोडा नवरा-बायकोने मिळून घेतलेला. बायकोला कर्करोग. २०२२च्या डिसेंबरमध्ये घोड्याची पहिली शर्यत तिने पाहिली आणि पाचच दिवसांत ती गेली. नवऱ्याने घोडा ठेवला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनींना जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. मग त्यांनी विचारले, "कागदावर तिचं नाव अजून आहे का?" मी म्हटले, "तसं काही दिलेलं नाही." "ठेवलं असेल," ते म्हणाले. वहिनींचे नाव रेशनकार्डावरून कमी करायला अण्णांनी पुतण्याला वर्षभर जाऊ दिले नव्हते, हे मला माहीत होते.

इतपत ठीक होते. पण झोपताना त्यांनी विचारले, "आणि तो तेरा वर्षांचा? तो आला का घरी?"

सेलेब्र दालेन नावाचा तो घोडा. शर्यतीत वयाने मोठा, म्हणून अण्णांचे त्याच्याकडे लक्ष होते. बराच वेळ तो पुढच्यांत होता, मी दोनदा त्याचे नाव घेतले होते. शेवटी शेवटी तो एकदम मागे पडला, स्वार उतरला आणि घोडा कोसळला. मैदानावर उपचार झाले, दुसऱ्या दिवशी सुधारतोय अशी बातमी आली. ८ एप्रिलला तो गेला. दमलेला असतानाही पुढे दामटल्याबद्दल स्वाराला दहा दिवस बंदी झाली. मी शिरूरला परत आलो होतो. फोन करून अण्णांना हे सगळे सांगितले.

"दहा दिवस," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने: "वाफेच्या इंजिनाचं प्रेशर पडलं की गाडी उभी करायची. कंट्रोलवाला कितीही ओरडू दे. साहेबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं हे."

त्यानंतर फोनवर ते शर्यतीचा विषय काढेनात. मीही काढला नाही. सूनबाईंच्या मते हे सगळे पाहूच नये, आणि त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. घोड्यांना पळायला आवडते असे तिकडचे लोक म्हणतात. ते मला पटते. तीस बांध आवडतात का, हे घोड्याला कुणी विचारलेले नाही. आणि तरी दर वर्षी साडेआठला मी लॅपटॉपसमोर असतो, कारण पलीकडे एक माणूस डोळे मिटून ऐकत असतो.

२६ एप्रिलला रात्री अण्णांचाच फोन आला. "आज शेवटचा दिवस ना? मलिन्सचं काय झालं?"

सांगितले. ट्रेनरांची वर्षभराची चुरस त्या दिवशी सँडाउनलाच मिटली होती, आणि डॅन स्केल्टनला मागे टाकून मलिन्सने ती जिंकली होती, सलग दुसऱ्या वर्षी.

"आणि घोडे?"

"आता सुट्टी. नाला काढून कुरणात सोडतात उन्हाळाभर."

"तिकडं कुरण असतंय उन्हाळ्यात," अण्णा म्हणाले. मग आमच्याकडची यात्रा कधी आहे ते विचारले, एस.टी. न्हावऱ्यावरूनच येते ना याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, घाटात मला पुढं बसव. धूळ आली तरी चालेल."