बरगड्या

बाबांचा वाढदिवस १ जूनला असतो. खरा कधी असतो ते कुणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक तारीख टाकली, तीच पुढे आधार कार्डापर्यंत आली. यंदा कागदोपत्री साठ पूर्ण झाली. हॉल, केक, शाल-श्रीफळ यातलं काहीच त्यांना नको होतं. मग मी म्हटलं, घरी डुकराच्या बरगड्या करू.

'पोर्क रिब्ज' लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, मला माहितीये. टीम डिनरला रिब्ज येतात तेव्हा लोक बोटं चाटतात, फोटो टाकतात. त्याच टेबलावर 'डुक्कर' म्हणून बघा. पोर्क मेनूमधलं असतं, डुक्कर गटारातलं. आणि डुक्कर खाणारे कुठले, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण टेबलावर सगळ्यांना ठाऊक असतं.

आम्ही वडार. पणजोबा-आजोबांनी दगड फोडला, जाती-पाटे घडवले. अव्वा, म्हणजे माझी आजी, दारोदार पाट्याला टाकी लावत फिरली. घरात आमची तेलुगूच्या जवळची वडारी बोली. तिच्यात डुक्कर म्हणजे 'पंदी'. वस्तीत पंदी पाळलेली असायची आणि लग्नाला, जत्रेला कापली जायची. पेंढ्याच्या जाळावर केस भाजायचे, कातडीसकट तुकडे करायचे, आणि चरबी एवढी सुटायची की फोडणीला तेल लागायचंच नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. मी सहावीत होते. शाळा बंद झाल्या, गावभर तोंडाला रुमाल. तो आजार माणसाकडून माणसाला होत होता, शिजवलेल्या मांसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण नावातच डुक्कर होतं. शाळा उघडल्यावर माझ्या बाकावर माझ्याशेजारी दोन आठवडे कुणी बसलं नाही. त्यासाठी काही बोलावंही लागलं नाही कुणाला. मी कुठे राहते ते वर्गाला माहीत होतं.

पुढच्या वर्षी आम्ही वस्ती सोडून सोसायटीत आलो. पहिल्याच दिवशी बाबा अव्वाला म्हणाले, "इथं ते नको." कुणी तक्रार केली नव्हती. तक्रार येण्याआधीच त्यांनी विषय मिटवला होता. पुढे वर्षातून एक-दोनदा ते वस्तीत चुलत्यांकडे जायचे आणि परत येताना बडीशेप चघळत यायचे. आई काही विचारायची नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बंगळुरूला होते. तिथे एका कोडगू पद्धतीच्या हॉटेलात मेनूवर छापलेलं होतं : पंदी करी. मी ते तीनदा वाचलं. अव्वाचा शब्द, जाड कागदावर, पुढे किंमत. कोडव लोकांमध्येही डुकराला पंदीच म्हणतात, आणि सप्टेंबरात शस्त्रपूजेच्या कैलपोढ सणाला पंदी करी आणि तांदळाचे कडंबुट्टू नसतील तर सण झाल्यासारखा वाटत नाही. मालक प्रत्येक टेबलावर येऊन कौतुकाने सांगत होता, आमच्याकडे आंबटपणाला कचंपुळी घालतात. त्याच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. मी अव्वाला व्हिडिओ कॉल करून मेनू दाखवला. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग? पंदीला पंदी नाही म्हणणार तर काय?"

आता बरगड्याच का, तर अव्वामुळे. तिला वरचे चार आणि खालचे तीन दात उरलेत. बरगडीत मांस कमी आणि पडदे, स्नायूंना बांधणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या जास्त. घाईने शिजवली तर चपलेसारखी लागते. पण त्या पट्ट्यांतलं कोलॅजेन सावकाश तापवलं की सत्तर अंशांच्या पुढे विरघळायला लागतं, त्याचं जिलेटिन होतं, आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं. डुकराचा सलग तुकडा खायला सुरक्षित व्हायला आतून ६३ अंश आणि वर तीन मिनिटं पुरतात. अव्वाला चावता यायला नव्वदच्या वर जावं लागतं.

(मेंदूतल्या अळ्यांबद्दल विचारणार असाल तर : कच्चं डुक्कर खाल्लं तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या पालेभाजीत जातात. म्हणजे शुद्ध शाकाहारी माणसालाही ते होऊ शकतं. हे मी ऑफिसात दोनदा समजावलंय. दोन्ही वेळा विषय बदलला गेला.)

कॅम्पातून दोन किलो आणल्या. हाडांच्या बाजूला एक चिवट पापुद्रा असतो. चमच्याच्या दांड्याने कोपरा उचलायचा, फडक्याने पकडायचा आणि ओढायचा. वाटण पाट्यावरच केलं, आजोबांच्या हातच्या : भाजलेला कांदा, सुकं खोबरं, ढीगभर लसूण, आलं, घरचा काळा मसाला. कचंपुळी इथे कुठून आणणार, म्हणून आमसूल भिजवून त्याचं दाट पाणी घातलं. दोन्ही फळं एकाच कुळातली. रात्रभर मुरवल्या. आमच्या ओव्हनमध्ये अख्खी पट्टी मावेना, तीन तुकडे केले. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १४० अंशांवर तीन तास, मग फॉइल काढून भट्टी २२० वर, कडा काळपट होईपर्यंत.

दुसऱ्या तासाला वास सुटला. बाबा उठले आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून आले. मी उघडली. त्यांनी पुन्हा लावली नाही, पण पेपरचं तेच पान अर्धा तास वाचत बसले.

एकच्या सुमाराला समोरच्या काकू डबा परत द्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मस्त वास येतोय हो. मटण का?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्या आधी बाबा म्हणाले, "नाही. डुक्कर. बरगड्या."

पंधरा वर्षांत ते या घरात हा शब्द मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. काकू म्हणाल्या, "अच्छा अच्छा," सोफ्यावरच्या अव्वाकडे बघून हसल्या, "वाढदिवसाच्या शुभेच्छा," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या मनात काय आलं असेल, यावर आईने जेवताना दोनदा चर्चा काढायचा प्रयत्न केला. कुणी दाद दिली नाही.

मीठ थोडं कमी आहे, असं बाबांचं मत पडलं. अव्वाने पहिली बरगडी हातात धरली तर हाड वेगळं आणि मांस ताटात. तिने हाड उलटसुलट करून बघितलं, त्यावर काहीच उरलेलं नव्हतं. मग मुकाट्याने चार खाल्ल्या, भाकरी रश्शात कुस्करून. सगळी हाडं तिने बाबांच्या ताटात सरकवली. बाबा त्यांची कुर्चेची टोकं कडाकडा चावत बसले, खिडकी उघडीच होती.