दारातच सांगितलेले सामान

आमच्या परळच्या अभ्यासिकेत बँकेच्या आणि एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी आता सी भाषेची पुस्तके येऊन बसली आहेत. आई घरकामाला, वडील सफाई खात्यात आणि पोरगी रात्री अकरा वाजता 'पॉइंटर' पाठ करते आहे, असे चित्र वस्तीत दिसू लागले आहे. घरात विचारायला कोणी नाही. आम्ही बी. कॉम. झालेले, कारकुनी करणारे. तरी मुले विचारायला आली की हात झटकणे आम्हाला पटत नाही. म्हणून माटुंग्याच्या फूटपाथवरून 'लेट अस सी' हे जुने पुस्तक आणले. ते लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे, शिकले माटुंग्याच्याच व्हीजेटीआयमध्ये. हे मुलांना मुद्दाम सांगतो.

गेल्या वर्षी डिप्लोमाच्या एका मुलीला तोंडी परीक्षेत विचारले, "प्रोग्रामला दोन आकडे दिले, तर आर्गसी किती?" ती म्हणाली, दोन. उत्तर तीन होते. तिचा पेपर राहिला. पुन्हा फी, पुन्हा सहा महिने, आणि घरी 'आता बस झाले शिक्षण' असे शब्द निघाले. एका आकड्यासाठी एवढे होते, म्हणून हा विषय येथे घेतला.

साधी गोष्ट घ्या. चाळीतल्या पोराला वाण्याकडे पाठवायचे आहे. एक रीत अशी की पोरगे दुकानात पोचते आणि खालून हाका मारते, "आई, काय आणू? किती आणू?" प्रोग्राम पडद्यावर प्रश्न विचारून थांबतो, तो असाच. दुसरी रीत म्हणजे निघतानाच दारात सांगायचे, 'तांदूळ दोन किलो, साखर अर्धा.' यालाच कमांड लाइन आर्ग्युमेंट म्हणतात. प्रोग्रामचे नाव आणि त्याला लागणारी माहिती एकाच ओळीत. कोणी समोर बसून उत्तरे द्यायला नको, म्हणून रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना ही रीत सोयीची.

आता 'बेरीज १२ ३०' अशी ओळ दिली. आर्गसी म्हणजे मोजदाद, आर्गव्ही म्हणजे यादी. मोजदाद तीन येते, कारण यादीत पहिले नाव प्रोग्रामचे स्वतःचेच असते, तेही शून्य क्रमांकावर. बारा एक नंबरवर, तीस दोन नंबरवर. यादी संपल्यावर तीन नंबरचा खण रिकामा ठेवलेला असतो, 'पुढे काही नाही' हे कळण्यासाठी. यादीत खुद्द माल नसतो, तो कोठे ठेवला आहे तो पत्ता असतो. जिन्याखालच्या पाटीवर माणूस नसतो, खोली नंबर असतो, तसेच.

आम्हाला कारकून म्हणून सर्वात महत्त्वाचे वाटले ते पुढचे. हे बारा आकडा म्हणून येत नाहीत. 'एक' आणि 'दोन' ही दोन अक्षरे म्हणून येतात. तशीच बेरीज करू गेल्यास कंपायलर अडवतो. आधी 'एटोआय'ने अक्षरांचा आकडा करावा लागतो. पण या एटोआयवर आमचा विश्वास नाही. आकड्याऐवजी भलतेच अक्षर दिले तर तो मुकाट शून्य देतो. पगारपत्रकात असा शून्य आला तर एखाद्याच्या घरी चूल पेटणार नाही! त्यापेक्षा 'स्ट्रटोल' बरा, वाचताना कोठे थांबलो ते तो सांगतो. आणि आर्गसी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. माहिती कमी असेल तर प्रोग्रामने तसे सांगून थांबावे. अपुरा अर्ज खिडकीवरच परत करतात ना!

ओळीतली मोकळी जागा हीच तोडण्याची खूण आहे. 'लालबाग' दिले तर एक, 'लोअर परळ' दिले तर दोन. अवतरणचिन्हात घातले की एक. लिनक्सवर गुणाकाराची फुली म्हणून नुसता तारा दिला, तर त्याच्या जागी तुमच्या फोल्डरातल्या फाइलींची नावे येऊन पडतात, आणि मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. ताऱ्यालाही अवतरणचिन्ह द्यावे.

हे सारे नवे नाही. केर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात हाच धडा 'एको' नावाच्या इवल्या प्रोग्रामने शिकवला आहे. जे सांगाल ते परत म्हणून दाखवणारा. अडचण अशी की टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेली मुले दोन बटणे दाबून प्रोग्राम चालवतात. तेथे आर्ग्युमेंट द्यायची जागा 'रन'च्या यादीत आहे, पण तिकडे कोणी बोट दाखवत नाही. काळ्या पडद्यावर स्वतः ओळ लिहून पाहिल्याशिवाय ही मोजदाद डोक्यात बसत नाही.

अभ्यासिकेत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक जुना संगणक आहे. त्यावर त्या मुलीने परवा एको लिहिला आणि आपल्या आईचे पूर्ण नाव दिले. तीन शब्द. "आर्गसी किती?" आम्ही विचारले. पडद्याकडे न बघता ती म्हणाली, "चार." मग तेच नाव अवतरणचिन्हात घालून तिने आम्हालाच विचारले, "आता?"