रेड एज आणि रस्त्याकडेचे धान

जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या पिक्सेल या कंपनीचे पहिले तीन ‘फायरफ्लाय’ उपग्रह कक्षेत गेले आणि पिकाचे आजारपण आता अवकाशातून कळणार, अशा बातम्या आल्या. त्या वाचताना मला भिलाईजवळचे एक भातशेत आठवले, आणि तिथे माझ्या हातून झालेली चूकही.

वडील पोलाद कारखान्यात होते. त्यामुळे माझे बालपण पावर हाउस स्टेशनावरून जाणाऱ्या हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या मोजण्यात गेले. पुढे भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि एका भाद्रपदात स्पेक्ट्रोरेडिओमीटर घेऊन वडिलांच्या परिचयातल्या एका शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहिले.

हिरवे पान ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश जवळजवळ गिळून टाकते. ते काम हरितद्रव्याचे. ७५० च्या पुढे मात्र पानातल्या पेशी आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या अवरक्त प्रकाश जोरात विखुरतात. आलेखावर या दोहोंमध्ये उभा कडा दिसतो, त्याला ‘रेड एज’ म्हणतात. हरितद्रव्य घटू लागले की हा कडा काही नॅनोमीटर आखूड तरंगलांबीकडे सरकतो, पुष्कळदा डोळ्याला पिवळेपणा जाणवण्याआधीच. चार-पाच रुंद पट्ट्यांत पाहणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला एवढे सूक्ष्म सरकणे पकडणे कठीण. हायपरस्पेक्ट्रल उपकरण तोच प्रकाश शेकडो अरुंद पट्ट्यांत मोजते.

मी मात्र घाईत दोनच तरंगलांबींचे गुणोत्तर काढले. रस्त्याकडेच्या ओळींचा आकडा बराच खाली आला. नत्र कमी पडले आहे, युरिया द्यावा लागेल, असे मी सांगून टाकले. पदवीचा रुबाब, दुसरे काय!

शेतकरीदादा शांतपणे म्हणाले, “बेटी, पहले पत्ता तो धो लो.”

रस्ता मुरमाचा. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर पानांवर तांबडी धूळ उडवीत होता. त्या धुळीतले लोह ऑक्साइड लाल प्रकाश परत फेकते, म्हणून ६८० जवळचा खड्डा भरून येतो आणि हरितद्रव्य कमी असल्याचा भास होतो. ओल्या रुमालाने पाने पुसून पुन्हा मोजले तर आकडा शेजारच्या ओळींइतकाच! गरज नसताना युरिया पडला असता तर खर्च त्यांचा झालाच असता, शिवाय जादा नत्राने करपा आणि तुडतुडे यांना आमंत्रण मिळाले असते.

रात्री घरी पूर्ण आलेख उघडला. खड्डा उथळ झाला होता, पण कडा जागचा फारसा हललेला नव्हता. म्हणजे धुळीची साक्ष माझ्याच नोंदीत होती. मी ती पाहिली नव्हती. हायपरस्पेक्ट्रल नोंदीतून एकच आकडा काढून बाकीचे फेकून देणे ही सवय आमच्या क्षेत्रात अजूनही आहे, आणि मला ती लबाडीच्या जवळची वाटते.

इस्रोचा हायसिस २९ नोव्हेंबर २०१८ रोजी गेला, त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा. एवढ्या चौकोनात इथली दोन-तीन खाचरे, बांध आणि रस्त्याचा तुकडा एकत्र मिसळतो. फायरफ्लायचा पिक्सेल ५ मीटरचा, म्हणून मला त्या बातमीचा खरा आनंद झाला. पण खरिपाचे धान ढगांखाली वाढते, आणि ढगापलीकडचे या उपग्रहांनाही दिसत नाही.

माझ्या उपकरणाच्या पेटीत तेव्हापासून पाण्याची बाटली आणि मलमलचे फडके असते.