तीन नंबरचा बावटा आणि ऑरेंज अलर्ट

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, हा विनोद माझ्या पिढीला वडिलांकडून वारशात मिळाला. व्यंगचित्रकारांना तर वेधशाळा म्हणजे हुकमी गिऱ्हाईक. गंमत अशी की माझ्या आजोळी, सातपाटीत, या विनोदावर पोट धरून हसणारी माणसं 'तीन नंबरचा बावटा लागलाय' एवढं कानावर आलं की मुकाट होड्या वर ओढायची. अंदाजाची थट्टा करायची आणि इशारा पाळायचा, यात कुणाला विसंगती वाटत नसे.

सत्तरच्या दशकात अंदाज यायचा तो रेडिओवरून. मामाचा ट्रान्झिस्टर चामडी पिशवीत घालून ओटीवरच्या खुंटीला टांगलेला असे. बातम्या संपल्या की निवेदक हवामान वाचायला घेई, आणि मग ओटीवर पोरांनी दंगा केला तर पाठीत धपाटा ठरलेला. 'उत्तर कोकणात काही ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी जोरदार सरी.' बस्स. डहाणूपासून रायगडापर्यंतचा सगळा किनारा एका वाक्यात उरकायचा. या 'तुरळक'लाही खात्याचं मोजमाप असतं, विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. ती निसटायची पळवाट आहे असाच सगळ्यांचा समज. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने वर्तमानपत्र यायचं, त्यात चौकट कुलाबा आणि सांताक्रूझची. आम्ही मुंबईच्या कितीतरी उत्तरेला, पण पाऊस वाचायचो तो मुंबईचा.

उरलेलं काम मामाचं. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. रेडिओ बंद करून तो धक्क्यावर जाई आणि बराच वेळ काही न बोलता उभा राही. पहाटेचा मतलई वारा आला का, पश्चिमेला ढग कुठल्या उंचीवर आहेत, उधाण आहे की भांग, हे सगळं तो मनाशी जुळवत असावा. त्याची एक खूण मला आजही पटते. वारा पडलेला असताना लाटा मात्र लांबलांब अंतराने, जड येऊ लागल्या, तर दूर समुद्रात काहीतरी शिजतंय. शास्त्रही तेच सांगतं: वादळाने उठवलेल्या लांब लाटा वादळाच्या पुढे धावतात. 'रेडिओला सगळा किनारा सांभाळायचाय, आपल्याला आपली खाडी,' असं तो म्हणायचा.

बंदरावरचा बावटा म्हणजे नावालाच बावटा. दिवसा खांबावर काळे शंकू आणि नळकांड्यांसारखे आकार चढत, रात्री लाल-पांढरे दिवे. इशाऱ्याचे आकडे एक ते अकरा. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, आणि दहा नंबर म्हणजे महाभयंकर. मग अकरा कशासाठी? तर वेधशाळेशी संपर्कच तुटला आहे, हे कळवायला. ज्याने कुणी ही यादी बांधली त्याला समुद्र चांगला कळत होता. वादळापेक्षा मोठं संकट कोणतं, हे त्याने शेवटच्या आकड्यात घालून ठेवलं.

हे सगळं आठवताना गोड वाटतं खरं, पण ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. १९८३ साली इन्सॅट-१बी वर जाईपर्यंत अरबी समुद्रावरचे ढग दिवसभर पाहत बसण्याची सोयच आपल्याकडे नव्हती. किनाऱ्यावरची केंद्रं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी पाठवलेल्या नोंदी, एवढ्यावर नकाशा काढायचा. शिवाय अंदाज निघाला तरी तो बाहेर गेलेल्या होडीपर्यंत पोचायचा कसा? मामाला धक्क्यावर उभं राहून खाडी कळत असे. चाळीस मैल आत असताना तोही इतरांसारखाच. फयान चक्रीवादळ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ला, ऐन हंगामात. तोपर्यंत उपग्रह होते, संगणक होते, तरी किती बोटी समुद्रात अडकल्या आणि काही परतल्याच नाहीत.

त्याआधीची २६ जुलै २००५ तर कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला पाऊण शंभरही नाही. एका वाक्यात किनारा उरकण्याच्या पद्धतीचा निकाल त्या एका दिवसात लागला. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. पुढे कुलाब्याला आलं, २०२२मध्ये वेरावलीला दुसरं. आज माझा भाचा रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभा राहून फोनवर रडारचं चित्र पाहतो आणि सांगतो, 'मामा, वीस मिनिटं थांब, ही सर विरारकडे सरकतेय.' बऱ्याचदा ते खरं निघतं. लाटांची उंची आणि मासळी कुठे सापडेल याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. आमच्याकडे फारसं काही झालं नाही, पण किनाऱ्यावरची वस्ती आधीच हलवली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते बाहेरूनच गुजरातेकडे गेलं, तरी जाता जाता त्याने होड्या फोडल्या आणि डहाणूच्या बागांत चिकूचा सडा घातला. पण ते येणार, हे गावातल्या पोरासोरांनाही दोन-चार दिवस आधी माहीत होतं. मामाच्या काळात ही बातमी लाटाच आणायच्या, आणि त्याही आदल्या दिवशी.

एवढं होऊन लोक खूश आहेत म्हणावं, तर नाव नको. पूर्वी ठाणे जिल्हा समुद्रापासून शहापूरच्या घाटापर्यंत पसरलेला होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तरी त्यात सातपाटीही आहे आणि जव्हार-मोखाडाही. ढग डोंगराला अडून चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. इशारा निघतो जिल्ह्याचा. मग मोखाड्यात पूल पाण्याखाली आणि केळव्याच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन, अशा दिवशी 'ऑरेंज अलर्ट कसला डोंबलाचा, उगाच शाळा बंद केल्या' म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर शिव्यांचा पाऊस पडतो. पूर्वी अंदाज चुकला की हसायचो. आता थोडासा हुकला तरी फसवल्यासारखा राग येतो. अंदाज सुधारला तशी आमची सहनशक्ती आटली, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याच गटावर कुणीतरी तीन वर्षांपूर्वीच्या वादळाचा व्हिडिओ 'आत्ताच आलाय' म्हणून ढकलतो, त्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास.

एका बाबतीत तक्रार मला रास्त वाटते. पावसाळा संपला की किनाऱ्यावर बोंबील वाळत पडतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या आडव्या काठीवर टांगायची. मामीची बोटं हे काम न बघता करायची. कडक ऊन आणि कोरडा वारा लागोपाठ काही दिवस मिळाला तर माल पांढरा, चरचरीत होतो. मध्ये एक सर आली की अर्धवट वाळलेला बोंबील कुजतो, अळ्या पडतात, आणि उरतं ते खत. खात्याच्या लेखी साडेपंधरा मिलिमीटरपर्यंतचा पाऊस 'हलका', 'जोरदार' धरायचा तो ६४.५च्या पुढे. म्हणजे नोव्हेंबरातली जी सर आमच्या वहिनीचा आठवड्याचा माल घालवते, तिच्यासाठी नकाशावर रंग नाही. त्या दिवशी पालघर हिरवाच दिसतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पाऊस नाही असं नव्हे, आणि हा फरक वहिनीला दोनदा माल गेल्यावर समजला. आता ती ताडपत्र्या हाताशी ठेवते आणि पोराला सारखं रडार उघडायला लावते. शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो: भाताला काय करावं, फवारणी कधी थांबवावी. त्यातच ऑक्टोबर ते मे सुक्या मासळीसाठी एक ओळ वाढवायला काय हरकत आहे, असं ती विचारते.