आधी विचारावे

गेल्या वर्षी मुंबईत कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनाला मित्राबरोबर प्रथमच गेलो. कथांतल्या पात्रांचे वेश करून आलेली मुले-मुली पाहून हरखून गेलो. एक मुलगी पुठ्ठ्याचे पंख सोडून कोपऱ्यात वडापाव खात होती. मी मोबाइल काढला आणि फोटो टिपला. ती शांतपणे म्हणाली, “दादा, विचारलं असतं तर पंख लावून उभी राहिले असते ना!”

मी ओशाळलो. फोटो तिच्यासमोरच पुसून टाकला.

माझे बाबा दशावतारात स्त्रीपार्ट करतात. एकदा जत्रेत, देवळामागे लुगडे अर्धे सोडून ते चहा पीत बसले असता काही पर्यटकांनी हसत हसत त्यांचे फोटो काढले. बाबा बोलले नाहीत. नुसती पाठ फिरवली. तेव्हा मला केवढा संताप आला होता! घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण ती पाठ कशी विसरलो?

न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली फलक लागले होते, असे नंतर वाचले : वेश म्हणजे संमती नव्हे.

खरे सांगायचे तर बाबांचा वेशातला एकही फोटो माझ्यापाशी नाही. मित्रांना दाखवायची लाज वाटे. यंदा जत्रेत त्यांना विचारणार आहे, “बाबा, एक फोटो काढू?” हो म्हणाले, तरच काढीन.