मजुरीचा रकाना

जबलपूर हे आमच्या लहानपणी नोकरदारांचे शहर होते. १९०४ साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, त्यानंतर लष्करी वाहनांचा कारखाना. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागे. आमच्यासारख्या मराठी घरांतून धंद्याविषयी थोडी भीती आणि, खरे सांगायचे तर, थोडा तुच्छभावही असे. एक तारखेला पगार येतो, हेच जगण्याचे व्याकरण होते.

माझे वडील कारखान्याच्या हिशेब विभागातून १९८९ साली निवृत्त झाले. मी तेव्हा मराठीत एम. ए. करीत होते. शेजारी एक मावशी राहत. यजमान अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, दोन मुले शाळेत. मावशी उडदाचे पापड, भाजणी आणि मेतकूट करून विकत. त्यांच्या हाताला चव होती. हळूहळू मराठी घरांबाहेरचे लोकही पिशव्या घेऊन येऊ लागले. रिकामपणाला कंटाळलेल्या बाबांनी एके दिवशी त्यांना सांगितले, "वहिनी, एकट्या किती राबणार? मदतीला एखादी बाई ठेवा. माल दुप्पट होईल."

बाबांचा शब्द म्हणजे कागदावरची सही. मावशींनी पलीकडच्या वस्तीतली एक बाई महिन्याच्या पगारावर ठेवली. माल खरोखरच दुप्पट झाला आणि तो सगळा खपलाही. तरी तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस डाळीच्या व्यापाऱ्याची उधारी फेडायला मावशींच्या हाती पैसे नव्हते. त्यांनी रडतरडत त्या बाईला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या पायरीवर येऊन बसली. कामाच्या भरवशावर तिने नुकतेच मुलीचे नाव शाळेत घातले होते. बाबांना तिने एवढेच विचारले, "बाबूजी, मेरा काम ठीक नहीं था क्या?"

बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी एक कोरी वही घेऊन ते मावशींकडे गेले. मीही सोबत होते. त्यांनी रकाने आखले : डाळ, दळण, पापडखार, हिंग, तेल, पिशव्या. मग विचारले, "एक किलो पापड लाटायला तुम्हांला किती वेळ लागतो?"

मावशी हसल्या. "तो काय मोजायचा, भाऊ? घरचंच काम."

बाबा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. दोष त्यांना सापडला होता, आणि तो मावशींइतकाच त्यांचाही होता. पिशवीची किंमत ठरविताना मावशी केवळ सामानाचा खर्च धरीत आणि त्यावर चार पैसे चढवीत. त्या चार पैशांत त्यांचे स्वतःचे तासन्‌तासांचे श्रम जवळजवळ फुकट जात होते. त्या एकट्या होत्या तोवर हे कुणाच्या लक्षात आले नाही. परंतु तेच लाटण्याचे काम दुसरीकडे सोपवून तिला पगार देण्याची वेळ आली, तेव्हा त्या किमतीत पगाराला जागाच नव्हती. जितके पापड अधिक, तितका तोटा अधिक! बाबांनी हा हिशेब न पाहताच सल्ला दिला होता. त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले : मजुरी.

पुढे पाठ्यपुस्तक समितीच्या कामानिमित्त उद्योगांविषयीचे लेखन चाळताना लिज्जत पापडाची हकिकत माझ्या वाचनात आली, तेव्हा मला त्या रकान्याची आठवण झाली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात स्त्रियांनी पापड लाटायला प्रारंभ केला. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये. ते देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, पैसे देऊन दूर झाले नाहीत. स्वस्तातला दुय्यम पापड काढण्याचा विचार त्यांनी सोडायला लावला आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडले; दुसऱ्या वर्षी खाट आणि शेगडी आली, खाटेवर पापड आणि खाली आच. या संस्थेत भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि वजनावर लाटणावळ घेतात. म्हणजे लाटणाऱ्या हाताचा मोबदला किमतीत आधीच धरलेला असतो. हजारो स्त्रियांना काम मिळाले ते या पायावर. तिची शाखा आमच्या जबलपुरातही आहे.

भारतीय युवा शक्ती ट्रस्टने १९९२ पासून नवउद्योजकांना कर्जाबरोबर अनुभवी मार्गदर्शकाची जोड दिली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली माणदेशी महिला बँकही व्यवहारशिक्षणाकडे वळली. तिच्या परिवाराने बसमध्ये वर्ग भरवून ते गावोगाव नेले. गरीब देशांतील छोट्या धंद्यांना 'वाढा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजारी बसून घड्याळ लावणारे थोडे.

मावशींनी किंमत वाढविली. काही जुनी गिऱ्हाइके तुटली. एका आप्त स्त्रीने तर शेजारधर्म सोडल्याचा ठपका ठेवला. त्या कासावीस होत आणि बाबांकडे उसने पैसे मागत. बाबा देत नसत. आईला हे मुळीच आवडत नसे, मलाही ते कोरडेपणाचे वाटे. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र ते वही पाहायला जात. पैशांच्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही. चुकलेली बेरीजही स्वतः दुरुस्त करीत नसत. बोट ठेवून थांबत.

वर्षभराने मजुरीचा रकाना भरूनही शिल्लक दिसू लागली. मावशींनी त्या पहिल्या बाईला बोलावणे धाडले. ती आली नाही. ती घरी विड्या वळू लागली होती, आणि मुलगी तिच्या शेजारी बसून पाने कापीत होती. मावशींकडे दुसरी बाई आली, मग तिसरी. काही वर्षांत चौघींचे हात तिथे चालू लागले. बाबांना याचे समाधान होते, पण कुणी कौतुक करू लागले की ते विषय बदलत.

बाबा गेल्यानंतर मावशींच्या सुनेने ती वही मला दाखविली. पाने पिवळी पडली आहेत, हिंगाचा वास अजून आहे. पहिल्याच पानावर, मजुरीच्या रकान्यात, त्या बाईचा तीन महिन्यांचा पगार बाबांच्या अक्षरात मांडलेला आहे. समोर शेऱ्याच्या जागी दोनच शब्द आहेत : 'सल्ला माझा.'